लवकर शिकलेलं कुत्रं

घरात कुत्रं आणा असं अज्जा मनला, तवा भाकरीचा घास माझ्या हातातच राहिला.

अज्जा म्हणजे माझ्या आण्णाचा, वडलांचा, बाप, निंगप्पा. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आन कुत्रं दिसलं की हातात काठी. सकाळी आंघोळ करून लिंगपूजेला बसला की अंगणातनं कुत्रं गेलेलं बी त्येला खपायचं न्हाई. त्यो माणूस जेवता जेवता मनला, "एक पिल्लू आणा घरात. चोऱ्या लई वाढल्यात."

"आपल्यात चोरायला काय हाय?" आण्णा हसला. आण्णा आळंदपत्तोर टमटम चालवतो. "माझ्या टमटमचं टायर? त्ये तर भंगारवाला बी घेत न्हाई."

"आन मनलो की आन."

अव्वा, माझी आई, चुलीपुढं होती. तिनं अज्जाकडं बघितलं, मग तव्याकडं बघितलं, आन भाकरी उलटली.

आणायला मीच गेले. मला काय, काम न्हाई धंदा न्हाई. सातवीपत्तोर आमच्या खजुरीत मराठीतनं शिकले, मग आठवीला गेले तर सगळं कन्नड. घरात अज्जासंगं कन्नड बोलतो आम्ही, पण पुस्तकातलं कन्नड लई येगळं. सगळी पोरं हसली की मी हसायचे, सगळी लिवायली की मी लिवल्यासारखं करायचे. एक दिवस मी वाचायला उभी राहिले आन मास्तरच हसला. पुस्तक त्येच्या टेबलावर आपटून घरी आले, परत गेले न्हाई. अव्वा मनते, माझ्या नाकावर राग न्हाई, अख्खं वारूळ हाय.

स्टँडवर राजूबाईचं चहाचं हाटेल हाय. त्येच्या मागं कुत्री व्याली होती. मी तपकिरी रंगाचं, पोट टम्म असलेलं उचललं.

"विजयश्री, ह्येला खायाला घालशील ना गं?" राजूबाईनं विचारलं. "का नुसती भांडशील त्येच्यासंगं?"

"दोन्ही करीन," मी मनले. नाव ठिवलं गुंड्या.

आण्णानं पिल्लू बघितलं आन पहिल्या दिवशीच सांगून टाकलं, "घरात घाण केली तर टमटममधी घालून नाक्याच्या पल्याड सोडतो." आमच्याकडं ह्ये चालूच असतंय. आमच्या गावाला नको झालेलं कुत्रं लोक महाराष्ट्रात नेऊन सोडत्यात, पल्याडचे त्यांचं आणून कर्नाटकात सोडत्यात. कुत्र्याला तेवढंच दोन्ही राज्यं फुकट बघायला मिळत्यात.

शिकवायचं कसं त्ये अज्जानंच सांगितलं. अव्वाची रीत येगळी होती, तिचं म्हणणं नाक घास त्येच्यातच आन दे एक ठिवून. अज्जा मनला, "मारून कुत्रं शिकत न्हाई, लपून करायला शिकतंय. आत मुतलं की त्येच्यावर न्हाणीच्या चुलीतली राख टाक. राख सगळं पिऊन घेती. मग ती ओली राख खराट्यानं भर आन मागच्या लिंबाखाली नेऊन टाक. पिल्लाला तिथं सोड. आपला वास आला की त्येला कळतंय, ही आपली जागा."

"आन आतला वास?"

"आतला राखेनं मरतो. दोन जागी वास असला की जनावर येडं होतंय."

मी तसंच केलं. झोपून उठलं की उचल आन लिंबाखाली. दूध पिलं की लिंबाखाली. गोल गोल फिरायलंय, नाक भुईला लावायलंय, की उचल. आन प्रत्येक टायमाला एकच शब्द, "होरगं." म्हणजे बाहेर. अज्जाच मनला होता, कन्नडात सांग, मराठीत तू शिव्याच लई देतीस.

आन ते शिकलं की हो! मी होरगं मनलं की शेपूट हालवत मागच्या दाराला जाऊन बसायचं. लिंबाखालची राख हुंगायचं, एक चक्कर मारायचं आन बसायचं. मी टाळ्या वाजवायचे. आण्णा मनला, "बघ, तू कन्नडात नापास आन तुझं कुत्रं पास." मला राग आला पाहिजे होता, पण न्हाई आला. माझ्या हातनं पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी शिकलं होतं.

पण मधल्या खोलीतलं थांबंना.

मधल्या खोलीत अज्जाची खाट. तिथंच कोपऱ्यात देव, तिथंच त्येची पूजा. गुंड्याला रातच्याला आपल्या खाटेच्या पायाशी बांधा म्हणून अज्जानं हट्ट धरला होता, चोर आला तर भुंकल म्हणून. आन सकाळी बघावं तर खाटेजवळ ओलं. आमच्या घरात शहाबादी फरशी हाय. तिच्या सांध्यात पाणी बसलं की वास निघत न्हाई.

अव्वा सडा टाकायला सगळ्यांच्या आधी उठती. तिला दिसायचं. मग तिचा फडा आन तिचं तोंड, दोन्ही चालू. "मेल्या, परत! परत केलंस!" अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं वरडायची. फडा भुईवर आपटायची, फाड, फाड. गुंड्या खाटेखाली जाऊन भिंतीला चिकटायचं. आण्णा आतनं मनायचा, "अजून एक डाव, आन मग बघतो त्येला."

एक दिवस मी बी मारलं. चपलीनं. दिवसभर येवढं शानं वागतंय आन रातीला मुद्दाम करतंय असं वाटलं मला. त्ये वरडलं न्हाई. माझ्याकडं बघत राहिलं, मग उठून मागच्या दाराला जाऊन बसलं. होरगं मी मनलंच नव्हतं. तरी.

त्या दिवशी मी ती मधल्या खोलीतली राख भरून लिंबाखाली नेली. गुंड्या संगं आलं. राखेला नाक लावलं आन फुर्र केलं. परत हुंगलं. चक्कर मारली न्हाई, बसलं न्हाई. बाजूला आपल्या जुन्या राखेपाशी गेलं आन तिथं मोकळं झालं.

मी तिथंच उभी राहिले, हातात खराटा.

कुत्रं आपला वास विसरत न्हाई. त्येनं त्या राखेला वळखलंच न्हाई.

मग मला एकेक दिसायलं, जे डोळ्यापुढंच होतं. फरशीवरचं ओलं कधी गोल नसायचं. खाटेपासून निघायचं आन मागच्या दाराकडं लांबत जायचं. कुणीतरी उठलंय, दाराकडं निघालंय, आन दार गाठता आलं न्हाई, असं. आन अज्जा आजकाल आपलं धोतर आपणच धुवायचा. अव्वा उठायच्या आधीच वाळत टाकलेलं असायचं. अव्वानं एक डाव विचारलं होतं, मामंजी, मी कामून हाय? तर मनला, तुला कामं कमी हायत का.

तरी मला खात्री करायची होती. त्या रातीला मी गुंड्याला माझ्याजवळ, समोरच्या सोप्यात घेऊन झोपले. माझ्या पायाला दोरी बांधली त्येची. सकाळी दोरी जशीच्या तशी, गुंड्या माझ्या गोधडीवर, कोरडं. आन मधल्या खोलीत अव्वाचा आवाज, "मेल्या, परत!"

मी ताडकन उठले. मनलं जाऊन सांगते, हितं हाय कुत्रं, माझ्याजवळ, डोळे फुटले का तुमचे. दारापत्तोर गेले बी. अज्जा खाटेवर बसला होता. त्येनं माझ्या हातातली दोरी बघितली, दोरीच्या टोकाला गुंड्या बघितलं. आन मान खाली घातली.

मी परत फिरले.

दुपारी घरात कुणी नव्हतं. अज्जा लिंबाखाली बाजेवर बसला होता. मी जाऊन पुढं उभी राहिले.

"अज्जा, तू त्येला मार खायाला लावायलास."

"बस हितं."

"मी न्हाई बसत. त्ये शिकलंय. सगळं शिकलंय त्ये. तूच शिकीव मनलास आन तूच..."

"व्हय गं बाई. मीच."

मला वाटलं होतं त्यो वरडंल, न्हाई मनंल. त्येनं काहीच नाकारलं न्हाई.

"कामून आणलंस त्येला?"

अज्जानं मागच्या पत्र्याच्या शेडकडं बोट केलं. तिथं कडबा असतोय, टमटमचे जुने टायर असत्यात. बैलं होती तवा बैलांचं होतं त्ये. "तुझ्या आजीला तिथं नेलं, त्ये आठवतंय का तुला?"

आठवतंय. आजीला अंथरुणातच व्हायलं होतं. आण्णानं तिची खाट पत्र्याखाली नेली. थोडे दिवसच, मनला. नेताना आण्णा रडत होता, खोटं कामून बोलू. पण नेली. आजी तिथनं परत घरात आली न्हाई. जेवण घेऊन गेलं की ती विचारायची, आत पाहुणे आलेत का गं? पाहुणे गेले की मला आत घ्या.

"उन्हाळ्यात एक डाव झालं माझ्याकडनं," अज्जा मनला. "तांब्या सांडला मनलो. तुझा आण्णा मनला, अप्पा, परत तांब्या सांडला तर खाट पत्र्याखाली टाकावी लागंल. माझा पोरगा वाईट न्हाई. त्येला वास सोसत न्हाई. आईच्या टायमाला बी सोसला न्हाई."

"मग दवाखान्यात जायचं. आळंदला."

"गेलो होतो. गोळ्या दिल्या. म्हातारपण हाय मनला डॉक्टर." त्यो जरा हसला. "त्येला कळायला येवढं शिकावं लागलं बघ."

मी हसले न्हाई. गुंड्या बाजेखाली त्येच्या पायाचा अंगठा चाटायलं होतं.

"इजे," अज्जा मनला, "ह्येला येवढ्या लवकर शिकवू नकोस. सावकाश शिकू दे. कुत्रं हाय, लहान हाय, म्हणून लोक सोडून देत्यात. माझं वय कुठं सांगू?"

मला येवढा राग आला की काय करावं कळंना. अज्जावर, आण्णावर, त्या आडमुठ्या फरशीवर. बादली लाथाडली मी. सगळं पाणी लिंबाच्या बुडाला गेलं आन गुंड्या भिऊन पळालं.

पण दुसऱ्या दिवसापसून मी गुंड्याला परत अज्जाच्या खाटेशी बांधायला लागले.

मी टाळ्या वाजवायच्या बंद केल्या. होरगं मनायचं बंद केलं. त्ये मागच्या दाराला जाऊन बसायचं, वळून माझ्याकडं बघायचं, आन मी दुसरीकडं बघायचे. दार कधी उघडायचे, कधी न्हाई. कुत्र्याला काय कळावं? काल जे केलं की कौतुक, आज तेच केलं तर कुणी बघत बी न्हाई. आन जे केलंच न्हाई, त्येच्यासाठी रोज सकाळी फडा.

हळूहळू त्ये बिघडलं. अव्वा खोलीत आली की तिच्या पावलाच्या आवाजानंच त्येचं व्हायलं. तिथंच, जागेवर, शेपूट पोटात घालून. आता खरंच घरात व्हायलं होतं, सोप्यात, चुलीपाशी, कुठं बी. माझ्या हातनं शिकलेलं माझ्याच डोळ्यापुढं पुसून गेलं.

श्रावणातल्या सोमवारी आमच्याकडं अय्याची पाद्यपूजा असती. मठातनं अय्या, म्हणजे आमचा स्वामी, येतो, त्येचे पाय ताटात धुतात, ते तीर्थ घरभर शिंपडतात, सगळे घेतात. पूजा मधल्या खोलीत. आण्णानं आदल्या दिवशी अख्खी फरशी सोड्यानं घासून घेतली, उदबत्त्या लावल्या. मला मनला, "कुत्र्याला आज समोर सोप्यात बांध. मधल्या खोलीत नको." मी बांधलं. मीच गाठ मारली आन मीच शेजारी झोपले.

सकाळी अव्वा बाहेर सडा टाकायली होती, तवा आण्णा उठला. पाट मांडायला मधल्या खोलीत गेला.

"नागरत्ना!"

अव्वा धावली. मी धावले. खाटेपासून दारापत्तोर, तसंच लांब ओलं. अज्जा आंघोळ करून पूजेला बसला होता. डाव्या हाताच्या तळव्यावर लिंग, डोळे मिटलेले. कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं.

आण्णानं फरशीकडं बघितलं. मग अज्जाकडं. मग माझ्याकडं वळला.

"इजे. कुत्रं कुठं होतं रातभर?"

माझं तोंड उघडलं. खरं सांगायचं तर तीनच शब्द होते, माझ्याजवळ होतं आण्णा. त्ये सांगितलं की गुंड्या वाचलं. आन सांजच्याला चौघं मिळून खाट उचलणार. अज्जाचा तळवा हालायला होता. लिंग पडतंय का काय असं वाटलं मला.

"विचारायलो मी! कुठं होतं?"

"हितंच होतं," अव्वा मनली.

मी तिच्याकडं बघितलं.

"दोरी सोडवून आलं पहाटे. मी सडा टाकायला उठले तवा माझ्या डोळ्यानं बघितलंय, हितंच बसून मुतायलं होतं. तुम्ही अय्या यायच्या आत त्येला घेऊन जावा बरं आधी. मी पुसून घेते."

पहाटे मी जागी होते. गाठ मी मारलेली होती. गुंड्या माझ्या काखेत होतं. अव्वा माझ्यावरनं वलांडून सडा टाकायला गेली होती, तिनं त्येला झोपलेलं बघितलं होतं. ती आण्णाच्या तोंडाकडं बघून बोलायली होती आन तिचा आवाज जरा बी हालला न्हाई. तवा मला कळलं की रोजचा तो फडा भुईवरच कामून जास्त पडायचा, आन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ती कामून वरडायची.

"व्हय का इजे?" आण्णानं विचारलं.

"अव्वानं बघितलंय तर परत मला कामून विचारायलाव?" मी वरडले.

आण्णानं गुंड्याला मानगुटीला धरून उचललं. त्येनं वाटेतच धार सोडली, आण्णाच्या धुतलेल्या विजारीवर. "बघ, बघ हरामखोर!" आण्णा मनला, आन खरंच सांगते, त्येच्या तोंडावर जीव भांड्यात पडल्यासारखं दिसलं. त्येला बी कुत्रंच पाहिजे होतं.

टमटमच्या मागच्या सीटवर गुंड्या उभं राहिलं. त्येला वाटलं फिरायला नेत्यात. शेपूट हालायलं होतं. टमटम नाक्याकडं, उमरग्याच्या रस्त्याला लागली.

मी घरात येऊन परात आपटली. अव्वा मनली, "अय्या येईल आता, त्वांड धू." मी धुतलं न्हाई. अय्या आला, पाय धुतले, तीर्थ शिंपडलं. तीर्थ घ्यायला अज्जानं हात पुढं केला, तर अय्या मनला, "निंगप्पा, हात लई कापायलाय." अज्जा मनला, "वय झालं, स्वामी."

दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओलं.

आण्णा पहाटेच भाडं घेऊन गेला होता, म्हणून बरं. अज्जा भिंतीकडं तोंड करून पडलेला, जागा होता पण हालला न्हाई. धोतर बदलायला बी उठला न्हाई. अव्वा दारात उभी. वरडायला आता कुणी नव्हतं. ती न्हाणीपाशी गेली, सुपात राख घेऊन आली, वाकून फरशीवर पसरली. मग अज्जाला मनली, "मामंजी, धोतर द्या इकडं. मी धुते." अज्जानं गोधडी तोंडावर ओढली आन आतनंच धोतर बाहेर सरकिवलं.

अव्वा मला ओढून मागच्या अंगणात घेऊन आली, धोतर बादलीत बुचकळायली.

"अमरेशच्या वीटभट्टीवर कुत्री व्यालीय म्हणं. जा, एक घेऊन ये. आण्णा जेवायला यायच्या आत आण."

"अव्वा, तुला आधीपसून ठावं होतं?"

"रोज फरशी पुसते कोण? मी का तू?"

"मग त्ये बी मार खाईल."

"खाईल."

"त्येला बी सोडून देतील."

"मग अजून एक आणू."

"किती आणायची?"

अव्वा धोतर पिळायली. पीळ देऊन देऊन त्येच्यात थेंब राहिला न्हाई तरी पिळायली. "अज्जा हाय तवर," ती मनली. "आन त्वांड बंद ठिव. तुझं वारूळ उघडलं की सगळं गेलं."

वीटभट्टी गावाच्या बाहेर हाय, ओढ्याच्या पल्याड. पावसानं काम बंद होतं. अमरेश ताडपत्रीखाली मोबाईल बघत बसला होता. मागं कच्च्या विटांच्या आडोशाला पिल्लं होती.

"घे की, कोणतं बी घे," त्यो मनला. "ह्ये काळं बघ. लई शानं हाय. शिटी वाजिवली की पळत येतंय." त्येनं शिटी वाजिवली. काळं पिल्लू पळत आलं, माझ्या पायापाशी बसलं आन मान वर करून बघायलं. डोळे असे की आत्ताच सांग, काय करू.

मी त्येच्याकडं बघितलं न्हाई. कोपऱ्यात एक पांढरट पिल्लू होतं. आपल्याच ओल्यात झोपलेलं, बाकीची अंगावरनं तुडवत जायली तरी उठंना.

"ते दे."

"ते? ते मठ्ठ हाय गं. त्येला आईचं दूध बी सापडत न्हाई. ते काय शिकणार न्हाई कधी."

"तेच दे मनले ना!"

"आता ह्येच्यात भांडायचं काय हाय," अमरेश मनला आन त्येनं पिल्लू माझ्या हातात दिलं.

काळं पिल्लू ओढ्यापत्तोर माझ्या मागं आलं. मी खडा उचलून फेकला, तवा थांबलं. ओढा वलांडताना हातातल्यानं माझ्या ड्रेसवर मुतलं, गरम गरम. मी त्येला काही मनले न्हाई. तसंच छातीशी धरून घरी निघाले.